आग्नेय कोपऱ्यातली डबी

१

जव्हारच्या बाजारपेठेत गोवर्धनचं भांड्यांचं दुकान आहे. गल्ल्याच्या कडीला दोरीनं एक चुंबक बांधलेला आहे, तो त्याच्या वडिलांच्या काळापासून तिथेच लोंबतोय. साखरशेत, वावर अशा गावांहून आलेलं गिऱ्हाईक स्टीलचा हंडा आधी बोटानं वाजवतं, मग चुंबक मागतं. चुंबक चिकटला तर माल हलका, घसरला तर चांगला. एवढ्या परीक्षेवर इथे पोरीबाळींची लग्नं पार पडतात.

दुपारी गोवर्धन वर जेवायला आणि घटकाभर आडवा व्हायला गेला की गल्ल्यावर त्याची बायको सोनल बसते. भाव सांगणं, चुंबक पुढे करणं आणि आहेराच्या भांड्यावर मशीननं नाव घालून देणं, ही तिन्ही कामं ती नवऱ्यापेक्षा बरी करते. गावात निम्म्या घरांतल्या ताटांवर तिचं अक्षर आहे. त्यातली नावं अर्थात दुसऱ्यांची.

राहायला दुकानाच्या वर दोन खोल्या. जाड विटांच्या भिंती, उन्हाळ्यातही गार. खिडकीतून समोरच्या दुकानाचे पत्रे आणि त्यावर वाळत घातलेले कोणाचे तरी पापड दिसतात. सोनलला त्या खोल्यांत काही म्हणता काही कमी वाटत नव्हतं. धाकट्या दिरानं घर केलं आणि सगळंच कमी वाटायला लागलं.

२

वाटणी झाली तेव्हा दुकान आणि वरच्या खोल्या थोरल्याला आल्या, आणि खोडाळ्याच्या अलीकडचा कातळाचा तुकडा धाकट्याला, प्रसादला. तेव्हा सोनल मनातून खूश होती. त्या कातळावर गवतसुद्धा विचारून उगवतं, असं तिनं माहेरी फोन करून हसत सांगितलं होतं. प्रसाद मोखाड्याला कॉलेजात शिकवतो, त्याची बायको प्रांजल तिथेच एका कचेरीत आहे. दोघं बरीच वर्षं भाड्यानं राहिली. मग एकदा सणाला आली असताना प्रांजलनं जावेला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. बंदरावर माल वाहणारा कंटेनर विकत आणायचा, त्याला खिडक्या कापायच्या, आतून सजवायचा, की झालं घर. विटा नकोत, गवंड्याच्या मागे फिरायला नको. बांधायचं काही नाहीच, नुसतं आणून ठेवायचं.

सोनल म्हणाली, छान आहे. आणि तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना.

तिच्यावर अन्याय नको म्हणून एक इथेच सांगून ठेवलेलं बरं. सोनल वाईट बाई नव्हती. सासूचं दुखणंखुपणं तिनं निगुतीनं काढलं होतं, दिराच्या लग्नात तीच सगळ्यात जास्त राबली होती. पण हेवा काही माणसाचा स्वभाव विचारून घरात येत नाही. प्रांजल बारीक होती, तिचा हेवा वाटला नाही. प्रांजल कमवत होती, त्याचाही नाही. पण त्या लोखंडी डब्याला एक मोठी काच होती आणि काचेतून सगळी दरी दिसणार होती. ती काच सोनलच्या डोळ्यांत गेली ती गेलीच.

३

वास्तुशांतीचा मुहूर्त फेब्रुवारीतला निघाला आणि भटजींपुढे पेच पडला. घराच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून वास्तूची प्रतिमा पुरायची, ही रीत. पण इथे जमीन म्हणजे लोखंड आणि त्यावर प्लायवूड. खणायचं कुठे? शेवटी भटजींनीच तोड काढली. कातळावर खुंट्या ठोकून घराची जागा आखायची, आग्नेयेला मातीचा कप्पा बघून प्रतिमा आधीच पुरायची, आणि मग क्रेननं घर वर ठेवायचं. प्रतिमेसाठी तांब्याची डबी गोवर्धनच्या दुकानातून गेली. झाकणावर सोनलनंच सुबक अक्षरात नाव घातलं होतं, प्रसाद-प्रांजल.

ऐन मुहूर्ताला फोन आला की ट्रेलर खालच्या वळणावर अडकलाय. प्रसाद धावत रस्त्याकडे गेला. प्रांजल शेजारच्या जगनच्या घरी, त्याच्या बायकोच्या चुलीवर नैवेद्याचं बघत होती. भटजींना विक्रमगडचं लग्न गाठायचं होतं. वेळ टळायला नको म्हणून त्यांनी थोरल्या जोडप्याला पाटावर बसवलं आणि डबी गोवर्धन-सोनलच्या हातांनी खड्ड्यात गेली. माती लोटताना सोनल पुटपुटली की असल्या डब्यात राहणार तरी कोण. सासूबाई, अनसूयाबाई, मागेच उभ्या होत्या.

“असं बोलू नये गं,” त्या म्हणाल्या. “वास्तू ऐकत असते. आपण जे बोलू त्याला ती तथास्तु म्हणते.”

भटजी गेले. गोवर्धनही दुकान उघडायचं म्हणून निघून गेला. ट्रेलर वर यायला दुपार झाली. एका अंगाला विजेच्या तारा, दुसऱ्या अंगाला मोहाचं झाड. क्रेनवाल्यानं आपल्याला जमेल तसं तोंड फिरवून, जरा वर सरकवून घर ठेवून दिलं. खुंट्या ट्रेलरच्या चाकांखाली केव्हाच मोडल्या होत्या. प्रसाद आणि त्याचे मित्र टाळ्या वाजवत होते. सोनल मात्र खड्ड्याची जागा शोधत होती. ती तिला सापडली घराच्या बाहेर, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, भिंतीपासून हातभर लांब.

खड्डा खणला होता जगननं. तोही तिथेच बघत होता. तो तिच्याजवळ आला.

“वयनी, खड्डा तर भायेर ऱ्हायला. प्रसाद सरांना सांगू का?”

क्रेन अजून उभी होती. सांगितलं असतं तर घर पुन्हा उचलून ठेवता आलं असतं.

“भटजींनीच तसं सांगितलंय,” सोनल म्हणाली. “चालतं.”

जगननं मान डोलावली आणि तो कामाला लागला. सोनलच्या मनात आलं, घर त्यांचं असेल, पण वास्तू काही त्यांच्या घरात नाही. फार दिवसांनी तिच्या पोटातलं दुखणं जरा थांबलं.

४

घर दिसायला देखणं होतं, हे तिलाही कबूल करावं लागलं. मोरपंखी रंग, पुढे लाकडी ओटा, आणि ती काच. काचेतून मोहाचं झाड, खालची शेतं आणि लांबवर वैतरणेच्या पाण्याची चकाकती रेघ. दरीकडची एक भिंत त्यांनी आतून तशीच उघडी ठेवली होती, उंचसखल पन्हाळींचा पत्रा, नुसता रंग दिलेला. मुंबईकडे अशीच पद्धत आहे म्हणे. त्या भिंतीत खिळा बसत नसे. प्रांजलनं लग्नाचा फोटोही चुंबकांनी चिकटवला होता आणि येईल त्याला ती ती गंमत दाखवी.

एका टोकाला कंटेनरचं मूळचं दार शोभेसाठी तसंच राखलं होतं. बाहेरून उभे लोखंडी दांडे, ते फिरवले की दार बंद. प्रसादनं एकदा फिरवून दाखवलं. करकरत दांडे वळले आणि शेवटी ठप्पकन आवाज झाला, तो लोखंडातून पायांपर्यंत पोचला. सोनलनं आतून बघितलं. आतून त्या दाराला कडी नव्हती, मूठ नव्हती, काहीच नव्हतं.

“मालाला कशाला हवी आतून कडी?” प्रसाद हसत म्हणाला.

हे झालं दुरून डोंगर साजरे. खरं घर कळायला चैत्र लागला. स्वस्तात पडेल म्हणून घेतलेल्या डब्याहून त्याचं औषधपाणीच महाग झालं. ट्रेलरसाठी रस्ता रुंद करावा लागला होता. उन्हासाठी बाकीच्या भिंतींना आतून जाड अस्तर लावलं, तर खोली इतकी अरुंद झाली की कपाट उघडायचं तर पलंगावर चढावं लागे. तरी दुपारी आत बसवेना, म्हणून छपरावर दुसरं छप्पर आलं. पहाटे उघड्या भिंतीला पाणी सुटे. सांध्यांतून गंज निघू लागला. फोनला आत रेंज नव्हती, बोलायचं तर ओट्यावर या. प्रांजल हे सगळं रविवारी जावेला भाबडेपणानं सांगे आणि सोनल च्‌ च्‌ करत ऐके. परत येताना एसटीत तिला भूक लागलेली असे.

पण इतकं सगळं असूनही अनसूयाबाई हवेसाठी म्हणून तिकडे राहायला गेल्या आणि परत यायचं नाव काढेनात. आल्यागेल्याला त्या ती काच दाखवत. दुकानावरच्या खोल्यांत त्यांनी इतकी वर्षं काढली, पण तिथली खिडकी त्यांनी कधी कुणाला दाखवली नव्हती.

५

एप्रिलच्या एका रविवारी सोनल स्वयंपाकघरामागे कपडे वाळत घालत होती. आत प्रांजल कशावरून तरी हसली. काचेच्या पलीकडून ते हसू ऐकून सोनलला इतका राग आला की तिचं तिलाच नवल वाटलं.

“बघते किती दिवस हसतेस,” ती स्वतःशीच म्हणाली.

टक्‌.

आवाज भिंतीतून आला होता. अगदी जवळून, कुणी आतून बोटाचं हाड आपटावं तसा. ती दचकली आणि मग हसली. लोखंड आहे, उन्हानं ताणतं, वाजतं. प्रसादनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिनं उरलेले कपडे गुपचूप वाळत घातले. सगळे घालून होईपर्यंत पुन्हा काही वाजलं नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण नेमक्या त्या खड्ड्याच्या जागेवर उभ्या आहोत.

माणूस शहाणा असला की अशा वेळी निघून जातो. सोनल मुद्दाम थांबली, आणि चाचपून बघावं तशी हळूच म्हणाली की प्रांजलला इथे झोप लागू नये.

टक्‌.

पुढच्या रविवारी प्रांजलच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. झोपच लागत नाही हो ताई, ती म्हणाली, डोळा लागला की घर वाजतं. सोनलनं स्वतःला बजावलं की उन्हाळ्यात लोखंडी पेटीत कुणाला झोप लागणार आहे? यात आपण काय केलं? त्यात काही चूकही नव्हतं. पण तिनं जायफळ उगाळून घ्यायचा सल्ला दिला, आणि मग धुणं नसतानाही मागच्या अंगाला गेली. असं ती दर रविवारी जाऊ लागली. नवराबायकोत धुसफूस व्हावी म्हणाली, ती झाली. दार अडकावं म्हणाली, ते अडकलं. कधी कधी ती नुसतीच उभी राही. त्या पत्र्यामागे कुणीतरी कान लावून बसलंय, आणि घरातल्यांचं नाही, आपलं ऐकतंय, असं वाटण्यात एक सुख होतं.

एकदा तिच्या तोंडून खरं ते निघून गेलं.

“हे घर माझं व्हायला हवं होतं.”

या वेळी टक्‌ लगेच आलं नाही. जरा वेळ गेला. मग भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक पन्हाळ वाजत गेली.

६

त्यानंतर तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरू लागली. डबी आपल्या हातांनी पुरली. डबी आपल्या दुकानातली. ती त्यांच्या घरात नाहीच, उघड्यावर पडलीय. मग ती उचलली तर चोरी कसली?

सासूबाईंना बघायला म्हणून ती आडवारी गेली. प्रसाद-प्रांजल कामावर होते. जेवणं झाल्यावर अनसूयाबाई पंख्याखाली पेंगू लागल्या. सोनल खुरपं घेऊन मागे गेली. बाहेर ऊन रणरणत होतं. कातळावरून वाफ येत होती. माती भुसभुशीत होती, डबी लगेच हाताला लागली. इतक्या उन्हात पुरलेलं तांबं, पण ते विहिरीतून काढल्यासारखं गार होतं.

“काय उकरतेस गं?”

सासूबाई खिडकीत उभ्या होत्या.

“गवती चहा लावतेय,” सोनल म्हणाली. खरोखरच येताना तिनं एक ठोंब आणलं होतं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, ते असं. ते ठोंब तिनं खड्ड्यात दाबलं, वर तांब्याभर पाणी ओतलं. डबी पदराखाली होती आणि पोटाला तिचा गारवा लागत होता.

ती निघाली तेव्हा घर एकदाही वाजलं नाही. एसटीत बसल्यावर तिला जाणवलं, तिथे असताना सबंध दुपारभर काहीच वाजलं नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी गोवर्धन वर झोपायला गेल्यावर तिनं नावं घालायचं मशीन लावलं. प्रसाद-प्रांजल ही अक्षरं तिचीच होती, तिनंच ती आडव्या रेघांनी खरवडून टाकली. त्याखाली लिहिलं, सोनल. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एखाद्या भांड्यावर स्वतःचं नाव घातलं होतं. नवऱ्याचं नाव त्यापुढे घालावं असं तिच्या मनातही आलं नाही.

वरच्या स्वयंपाकघरात आग्नेयेला गॅसचा ओटा. ओट्याखाली, सिलिंडरमागे एक फरशी सैल होती. गोवर्धन उठून खाली गल्ल्यावर गेल्यावर ती उचलून तिनं डबी खालच्या रेतीत बसवली, फरशी पुन्हा बसवली आणि हात जोडले.

“आता हे माझं,” ती म्हणाली.

टक्‌.

खाली दुकानात भांड्यांची चळत हलली असेल. भांड्यांच्या दुकानावर राहायचं म्हटल्यावर आवाज होणारच. ती मजेत चहा ठेवायला उठली.

८

मे महिना लागला आणि दुपारी खोल्यांत बसवेना. गोवर्धन म्हणाला, यंदाचं ऊनच तसलं आहे. तो जेवून खाली दुकानात, भांड्यांच्या पोत्यांवर झोपू लागला. तिथे त्याला गार वाटे. सोनलला वर घाम फुटे, आणि पहाटे उठून बघावं तर भिंतीलाही फुटलेला असे. चुन्याची भिंत आहे, ओल धरते, ती मनाशी म्हणाली. मे महिन्यात कुठून ओल येईल, हे तिनं मनाला विचारलं नाही. फोन वर लागेनासा झाला. टॉवरचं काम चालू असेल. पण जिन्याच्या पायरीवर आलं की तोच फोन लगेच वाजे. कपाटाचं दार पलंगाला अडू लागलं. पलंग कुणी सरकवला, म्हणून ती गोवर्धनवर ओरडली, तर त्यानं तो हलवलाही नव्हता.

एकदा ती अशीच जिन्यात बसली असताना प्रांजलचा फोन आला. बोलणं ओट्यावरून नव्हतं, आतून होतं. मागे पंख्याचा आवाज येत होता.

“ताई, तुम्ही लावलेला गवती चहा काय फोफावलाय म्हणून सांगू. आणि घर एकदम गार पडलंय हो. पांघरूण घेऊन झोपतो आम्ही. आईंचं म्हणणं, तुमचा पायगुण.” ती हसली. “आणखी एक गंमत. काल प्रसादनं त्या पत्र्याच्या भिंतीत खिळा ठोकला. सहज गेला. आतून चक्क विटेचा भुगा पडला.”

सोनलनं विचारलं की असं कसं होईल.

“कोण जाणे. पण फोटो लटकवला एकदाचा.”

तिला भीती वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण भीतीच्या आधी जुनं दुखणं पोटात उठलं. प्रांजलकडे काच आहेच. आता तिला गारवाही मिळाला, भिंतही मिळाली, खिळाही बसला. माझं ते सगळं तिच्याकडे जातंय, असं सोनलला वाटलं, आणि ते मनात आल्यावर मात्र तिच्या अंगावर काटा आला. कारण तसं असेल, तर प्रांजलचं सगळं कुठे जातंय?

९

त्याच दिवशी चारच्या सुमाराला तिनं गल्ल्याच्या कडीचा चुंबक सोडून घेतला. गोवर्धन एका गिऱ्हाइकाला कळश्या दाखवत होता, त्यानं नुसतं वर पाहिलं. ती जिना चढून वर आली. दार लोटून घेतलं. समोरची भिंत, तिच्या सासऱ्यांनी विटांवर विटा रचून उभी केलेली, तिनं स्वतः दर दिवाळीला चुना दिलेली. तिनं चुंबक भिंतीशी नेला. आपण किती खुळ्या आहोत म्हणून तिला हसू येत होतं.

शेवटच्या वितीभर अंतरात चुंबक हातातून ओढला गेला. टक्‌ आवाज झाला. दोरी खाली लोंबत राहिली.

तिनं चुन्यावरून तळवा फिरवला. चुन्याखाली उंचवटा होता, मग खोलगट, मग पुन्हा उंचवटा. अशा पन्हाळी खिडकीपर्यंत गेल्या होत्या. ती धावत स्वयंपाकघरात गेली, सिलिंडर बाजूला ढकलला, फरशीच्या सांध्यात उलथनं घातलं. फरशी उचलली गेली. खाली रेती नव्हती, डबी नव्हती. प्लायवूड होतं, त्याला रंग दिलेला. तिनं नखांनी खरवडलं तर रंगाखाली लोखंड लागलं.

तिनं खाली गोवर्धनला हाक मारली. हाक खोलीतच फिरली आणि तिच्याच कानांवर येऊन आदळली. मघापर्यंत बाजारातून रिक्षांचे, भाजीवाल्यांचे आवाज येत होते. आता एकही येत नव्हता. फोनवर रेंजची एक रेघ नव्हती. ती दाराकडे गेली. आतली कडी जिथे असायची तिथे तिनं हात फिरवला, वर, खाली, पुन्हा वर. तिथे नुसता सपाट पत्रा होता.

बाहेरून करकर ऐकू आली. कुणीतरी सावकाश, सवयीच्या हातानं दांडे फिरवत होतं. शेवटी ठप्पकन आवाज झाला आणि तो तिच्या पायांपर्यंत आला.

ती वळली. खिडकीत पापड वाळत घातलेले पत्रे नव्हते. मोठी काच होती. काचेबाहेर मोहाचं झाड, खालची शेतं, लांबवर पाण्याची चकाकती रेघ, आणि अगदी खिडकीखाली गवती चहाचं रसरशीत ठोंब. इतके महिने जे बघण्यासाठी तिचा जीव जळत होता ते सगळं तिच्यासमोर होतं आणि ते बघायला तिच्याशिवाय आत कुणी नव्हतं. ऊन काचेतून थेट येत होतं. भिंती तापायला लागल्या होत्या.

आता काय करायचं ते तिला ठाऊक होतं. त्याला फार काही लागत नव्हतं, नुसतं बोलायचं होतं. तिनं घसा खाकरला, चुन्याच्या भिंतीकडे तोंड केलं, आणि प्रत्येक शब्द नीट उच्चारला.

“मला नको हे घर.”

मग ती कान देऊन उभी राहिली. ऊन उतरायचं नाव घेईना, तापलेला पत्रा हाताला लावता येईना. इतकं तापलेलं लोखंड खरं तर आपोआप वाजायला हवं होतं. ती पुन्हा म्हणाली, मग पुन्हा, मग मोठ्यानं, मग प्रांजलचं नाव घेऊन, मग सासूबाईंची शपथ घालून. पण काहीच वाजलं नाही.